विषय: रे: रे: हेगचा फेस्टिव्हल, शनिवारची तिकिटं आणि सबटायटल्स

मंडळी, ग्रुप तिकिटांचे पैसे आज रात्रीपर्यंत खजिनदारांकडे पाठवा, अजून पाच जणांचे यायचेत. अडचण एकच, मूव्हीज दॅट मॅटर या हेगच्या मानवी हक्कांवरच्या फिल्म फेस्टिव्हलला फिल्म कुठल्याही भाषेत असते आणि खाली इंग्रजी नाहीतर डच. सध्या इथे आलेल्या आईबाबांपैकी सात जणांना दोन्ही भरभर वाचता येत नाही. मी शेजारी बसून कानात सांगेन, चालेल का?
– ताई, डेल्फ्ट

कुजबुज नको, पुढचेमागचे वैतागतात. त्यापेक्षा आपल्या हॉलमध्ये आनंद पटवर्धनांची डॉक्युमेंटरी जय भीम कॉम्रेड लावू, मराठी-हिंदीतच आहे, सबटायटल्सचा प्रश्नच नाही. मुंबईच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली, फिल्म त्यावरच आहे, तेव्हा आम्ही घाटकोपर पूर्वेला राहायचो. चार दिवसांनी त्याच्या निषेधात शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला, ती बातमी माझ्या आईने मोठ्याने वाचून दाखवली होती आणि मध्येच थांबली. तिला ही फिल्म दाखवायचीय.
– काका, लायडन

काका, फिल्म तीन तासांच्या वर आहे, हॉल दहाला बंद. आणि घरची डीव्हीडी लावून जाहीर शो करता येत नाही, आनंद पटवर्धनांची परवानगी काढावी लागेल. मेल मी करतो.
– खजिनदार

हॉलचं आधी मला विचारा. पाडव्याचं नेपथ्य तिथेच ठेवलंय, ते हलवायचं नाही.
– सांस्कृतिक समिती

नेपथ्य राहू दे तिथेच, काकांची फिल्म पाडव्यानंतर दुपारी दोनला लावू. पण म्हणून हेग सोडू नका. हा फेस्टिव्हल ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या फेस्टिव्हलमधून निघाला, आधी ॲमस्टरडॅमला असायचा, २००९ पासून हेगला. बऱ्याच शोनंतर दिग्दर्शक किंवा ज्यांच्यावर फिल्म आहे ती माणसं समोर येऊन बोलतात, हे घरी टीव्हीवर मिळत नाही. माझे बाबा गेल्या वर्षी भाषा न कळता बसले होते, बाहेर आल्यावर म्हणाले, त्या बाईचा मुलगा सापडला का रे? ट्राममध्ये अख्खी गोष्ट सांगावी लागली. म्हणून म्हणतो, कानात नको, आदल्या दिवशी सांगा. मी फिल्मची माहिती एका पानावर मराठीत लिहितो, कोण कोण आहे, कुठला देश, भांडण कशाचं. शेवट लिहिणार नाही.
– रॉटरडॅम

पान मोठ्या अक्षरात काढा, आईला चष्म्यानेही बारीक दिसत नाही. सात प्रती, आणि काकांच्या आईंसाठी एक, त्याही येतायत. पैसे अजून तिघांचे बाकी.
– ताई