‘द सीक्रेट गार्डन’: मेरी बदलते की लेखिकाच तिला गप्प करते?

रानजाई
मेरी लेनॉक्सइतकी खरी वाटणारी पोरकी मुलगी मला मुलांच्या पुस्तकांत दुसरी भेटलेली नाही. फ्रान्सेस हॉजसन बर्नेटच्या या १९११ सालच्या कादंबरीत सुरुवातीला ती कुणालाच आवडत नाही. पिवळी पडलेली, तुसडी, आयाला थपडा मारणारी. हिंदुस्थानात कॉलऱ्यानं आईबाप जातात, आयाही जाते, आणि हिला रडू येत नाही. राग येतो तो आपल्याला सगळे विसरले याचा.

मग इंग्लंडमधलं यॉर्कशायर, आत्याच्या नवऱ्याचा शंभरेक खोल्यांचा वाडा. तिथं तिला कुणी धडे देत नाही. म्हातारा माळी तोंडावर सांगतो, आपण दोघं सारखेच कडवट. मोलकरणीची आई उड्या मारायला दोरी पाठवते. कुलूप लावून टाकलेल्या बागेत ती काटकीनं कोंबांभोवतीचं गवत काढते, कुणी न शिकवता, त्यांना श्वास घ्यायला जागा नाही असं वाटून! दुसऱ्या जिवाची अडचण तिला पहिल्यांदा कळते ती इथं.

पण अंथरुणाला खिळलेला आतेभाऊ कॉलिन आला की हळूहळू कादंबरी त्याची होते. शेवटच्या दृश्यात बापलेक हिरवळीवरून चालत येतात, मेरी कुठंच नाही. हा तिच्यावर अन्याय आहे.

वाटसरू७
अजिबात पटलं नाही. स्वतःपलीकडे न बघणारी मुलगी दुसऱ्याच्या बरं होण्यात रमते, हाच तर बदल. शिवाय कॉलिन वडिलांना सांगतो की हे बागेनं, मेरीनं, मोलकरणीच्या भावानं म्हणजे डिकननं केलं. आणखी काय हवं?

रानजाई
नुसतं श्रेय नको. कॉलिन मध्यरात्री थयथयाट करतो, सगळे हवालदिल होतात, तेव्हा मेरी त्याच्या खोलीत घुसून त्याच्यावरच ओरडते. त्याला धास्ती कुबड येण्याची; ती पाठ तपासून ठणकावते, कुबड वगैरे काही नाही. तिचा हट्टीपणा गेलेला नाही, तो कामी आलाय. ही मेरी शेवटच्या प्रकरणांत दाखवा.

निंबोणी
मला वेगळंच खटकतं. हिंदुस्थानच्या उष्म्यानं पोर बिघडली, इंग्लंडच्या वाऱ्यानं सुधारली, असं पुस्तक पुन्हापुन्हा सुचवतं. बिघडली ती मेजवान्यांत रमलेल्या, मूल नजरेसमोरही नको असलेल्या आईमुळे. हवेला कशाला दोष?

वाटसरू७
आईचा दोष पहिल्याच प्रकरणात स्पष्ट लिहिलाय की. लपवलेला नाही.

निंबोणी
लिहिलाय, पण नंतर कौतुक सगळं माळरानावरच्या वाऱ्याचं. आता हे बघा: कॉलिन पहिल्यांदा भेटतो त्या रात्री त्याला झोप यावी म्हणून मेरी त्याचा हात थोपटत हिंदुस्तानी गाणं गुणगुणते. आया तिला तसंच झोपवायची. जिच्या मरणाचं हिला रडू आलं नाही, तिचीच माया ही दुसऱ्याला देते. ती यॉर्कशायरनं दिलेली नाही, आधीपासून तिच्यात होती.

वाटसरू७
म्हणजे बदल झालाच नाही, आत होतं ते वर आलं? नाही पटत. गाणं तिला हिंदुस्थानातही येतच असणार. पण तिथली मेरी कुणाच्या उशाशी बसलीच नसती.