मदत हवी आहे: रत्नागिरी सोडून मोठ्या फिनटेक कंपनीत जावं का?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत एका सहकारी बँकेच्या आयटी विभागात ६ वर्षं आहे. पुण्यातल्या एका मोठ्या फिनटेक (डिजिटल पेमेंटसारख्या आर्थिक सेवा देणाऱ्या) कंपनीच्या यूपीआय बॅकएंड टीमची, म्हणजे पेमेंटची पडद्यामागची यंत्रणा सांभाळणाऱ्या टीमची, ऑफर आलीय. हातात येणारा पगार दीडपट. शिवाय ईसॉप्स (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क), पण ते ४ वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणार आणि पहिलं वर्ष भरेपर्यंत काहीच नाही. कंपनी शेअर बाजारात नाही, त्यामुळे ते मी हिशेबात धरलेलेच नाहीत.

शिकायला भरपूर मिळेल, याबद्दल शंका नाही. काळजी ऑन-कॉलची, म्हणजे आपली पाळी असताना रात्री-अपरात्री सिस्टीम बिघडली तरी उठून बघायचं, त्याची. एचआर फक्त "रोटेशन असतं" म्हणाले. टीममधल्या कुणाशी बोलायला मागितलं, अजून उत्तर नाही. महिन्यातला एक आठवडा घरून काम चालेल म्हणतात. आंब्याच्या दिवसांत कलमांकडे बघायला मला यावंच लागतं, म्हणून ही सवलत मोलाची. पण पावसात झाड पडून फायबर तुटली की आमच्या राउटरवर दोन-दोन दिवस लाल दिवा.

पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय. अशा पेमेंट टीममध्ये काम केलेल्यांनी कृपया सांगा: ऑन-कॉलच्या आठवड्यात रात्री किती वेळा उठावं लागतं, आणि घरून कामाची सवलत ऑफर लेटरमध्ये लेखी मागितली तर देतात का?