अमेरिकेतील आरोग्यविमा : तुमचा अनुभव काय?

नाकारलेला दावा, अडकलेली पूर्वमंजुरी, न कळलेले बिल, जे सोसले असेल ते येथे सविस्तर लिहावे. कंपनीचे व रुग्णालयाचे नाव मात्र टाळावे. सुरुवात मीच करते. पाठदुखीमुळे पाय बधिर होऊ लागला तेव्हा डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, पण विमा कंपनीने आधी सहा आठवडे फिजिओथेरपीची अट घातली. दोनदा अपील केल्यावर मंजुरी आली ती जानेवारीत, म्हणजे नव्या वर्षाचे डिडक्टिबल (विमा कंपनीने पैसे देण्याआधी दरवर्षी आपण भरायची रक्कम) शून्यापासून सुरू झाल्यावर. त्यामुळे मंजूर झालेल्या तपासणीचे जवळजवळ सगळे बिल मलाच भरावे लागले. (न्यू जर्सी)

नोकरी गेल्यावर ‘कोब्रा’ कायद्यानुसार जुना विमा १८ महिने चालू ठेवता येतो हे कळून हायसे वाटले, पण मालकाचा वाटाही आपणच भरायचा आणि हप्ता मूळ रकमेच्या १०२ टक्क्यांपर्यंत जातो हे पाहून तो नाद सोडला. (टेक्सास)

बाबा पुण्याहून आले असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. रक्तदाबाची गोळी ते बारा वर्षे घेत होते, एवढ्या आधारावर व्हिजिटर विम्याने हा पूर्वीचाच, म्हणजे विम्यात न बसणारा, आजार ठरवला. (कॅलिफोर्निया)

वरील अनुभवांत केवळ कंपन्यांना दोष देऊन भागणार नाही, कारण नियम करणारे कोणाचे ऐकतात हेही पाहिले पाहिजे. आमचे कनेक्टिकट हे विमा कंपन्यांचे माहेरघर, आणि २००९ च्या डिसेंबरात, सिनेटमध्ये ६० मते जुळवताना एकेक मत मोलाचे झाले असता, सरकारी विम्याच्या पर्यायाला ठाम विरोध करून तो ओबामांच्या आरोग्यविमा सुधारणा विधेयकातून काढायला लावणारे जो लीबरमन येथलेच सिनेटर. औषधांची कथा तर याहून उघड आहे : २००३ च्या कायद्याने मेडिकेअरला (मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला) औषधांच्या किमतींची घासाघीस करण्यास मनाई केली, तो कायदा पुढे रेटणारे लुइझियानाचे खासदार बिली टॉझिन २००५ मध्ये औषध कंपन्यांच्याच संघटनेचे प्रमुख झाले, आणि ही मनाई काही औषधांपुरती उठायला २०२२ उजाडले. ठरवलेल्या किमती पहिल्या दहा औषधांना लागू झाल्या त्या २०२६ च्या जानेवारीपासून. मी मेडिकेअरवर आहे. रक्त पातळ ठेवणारी माझी गोळी त्या दहांत आहे, डोळ्यांतले थेंब नाहीत. (कनेक्टिकट)