हेग बंद करा म्हणणाऱ्यांना एक प्रश्न (चर्चामंचावरचा धागा, सुरुवातीला टोपणनावं)

तळटीप: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय म्हणजे आफ्रिकेतल्या हरलेल्यांसाठी बांधलेली कोठडी, टाळं ठोका.' तेव्हापासून डोक्यात भुंगा. मग 2025 च्या मार्चमध्ये फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंना मनिलाच्या विमानतळावर धरून हेगला नेलं, ते कुठल्या आफ्रिकेतून? फिलिपिन्स 2019 मध्येच या न्यायालयातून बाहेर पडलं होतं, तरी त्यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेतल्या आधीच्या खुनांची चौकशी सुटली नाही. बोस्नियाच्या युद्धातला सर्ब नेता कराजिच दुसऱ्या, युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायालयाचा आरोपी, मान्य. पण आठवा: 1995 चं आरोपपत्र, आणि हा पांढरी दाढी वाढवून, डोक्यावर बुचडा बांधून बेलग्रेडमध्ये पर्यायी उपचार करत फिरतोय! 2008 मध्ये बसमधून उचलला, 2019 मध्ये जन्मठेप. उशिरा का होईना, झाली ना?

खवचट: झाली, कारण तो हरला होता. पुतिनवर 2023 चं वॉरंट, 2024 मध्ये मंगोलियात मानवंदना. मंगोलिया या न्यायालयाचा सदस्य आहे बरं का. सुदानचे राष्ट्राध्यक्ष बशीर, त्यांच्यावरही वॉरंट; 2015 मध्ये त्यांना थांबवा म्हणून दक्षिण आफ्रिकेच्याच कोर्टाने सांगितलं, तरी विमान उडालंच. या न्यायालयाकडे स्वतःचा एक हवालदार नाही. वॉरंट काढतात की शुभेच्छापत्रं?

अर्धवट वकील: हे सगळं दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातच ठरलं होतं. अकरा न्यायाधीशांत एकटे भारताचे राधाबिनोद पाल म्हणाले, सगळे आरोपी निर्दोष. जेत्यांचा न्याय हा न्याय नव्हे. हिरोशिमावर कुणाला उभं केलं?

तळटीप: पालांचं नाव घेणाऱ्यांनी पाल वाचलेले नसतात. अत्याचार झाले नाहीत असं ते कुठेही म्हणत नाहीत, पुरावा भक्कम आहे असंच म्हणतात. त्यांचा आक्षेप युद्ध पुकारणं हा नंतर बनवलेल्या कायद्याने गुन्हा ठरवण्यावर, आणि आरोपींचा थेट संबंध सिद्ध झाला का यावर. आज त्यांचं स्मारक टोकियोतल्या यासुकुनीत, जपानच्या युद्धमृतांच्या मंदिरात आहे, म्हणजे ज्यांना सोयीचं त्यांनी उचललं. तुमच्यासारखंच.

अर्धवट वकील: 'तुमच्यासारखंच' म्हणजे? हजारावर पानांचं मतपत्र तुम्ही तरी पुरतं वाचलंय?

तळटीप: निम्मं. तुमच्यापेक्षा निम्म्याने जास्त.

खवचट: झालं, धागा टोकियोला गेला.

कोपऱ्यातली: मी कायदा शिकलेली नाही. माझे वडील एका मारहाणीच्या खटल्यात साक्षीदार होते. सहा वर्षं नुसत्या तारखा. शेवटी पिंजऱ्यात उभे राहिले, तेव्हा आरोपीचा भाऊ दाराशी मोटारसायकलची किल्ली बोटावर गरगर फिरवत उभा होता. बोलला काहीच नाही. बाबा म्हणाले, 'आठवत नाही.' घरी आल्यावर जेवले नाहीत. केनियाच्या केन्याटांवरचा हेगचा खटला 2014 मध्ये पुराव्याअभावी मागे घेतला, तेव्हा मला ती किल्ली दिसली. तिथे तर आरोपीच राष्ट्राध्यक्ष होता. साक्ष कोण देणार?

अर्धवट वकील: हे भावनिक आहे, पुरावा नव्हे.

कोपऱ्यातली: साक्षीदार असतो तेवढाच असतो हो पुरावा. चाडचा माजी हुकूमशहा हाब्रे, त्याचा खटला बघा. त्याने छळलेल्या लोकांनी वर्षानुवर्षं नेट लावला, तेव्हा 2016 मध्ये सेनेगलमध्ये, हेगला नव्हे, त्याला जन्मठेप झाली. असं जवळ, आपल्याच खंडात का होऊ नये?

खवचट: चला, हाब्रे दिला तुम्हाला. एक. पण त्याची खुर्ची 1990 लाच गेली होती, तेही लिहून ठेवा. खुर्चीवर बसलेला माणूस आणा, मग मी टाळं परत घेतो.

तळटीप: म्हणजे कोठडी आफ्रिकेसाठी हा मुद्दा सोडलात. नोंद केली.

अर्धवट वकील: पालांवर वेगळा धागा काढतोय. निम्मं वाचलेल्यांनी उरलेलं वाचून यावं.