Re: ऑस्ट्रेलियन ओपनचा मान

वर कोणीतरी लिहिलंय की टेनिसची ऑस्ट्रेलियन ओपन स्पर्धा पहिल्यापासून विंबल्डनच्या तोडीची होती, ते काही पटलं नाही. अहो, ११ ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वात मोठ्या स्पर्धा) जिंकलेला स्वीडनचा ब्यॉर्न बोर्ग तिथे आयुष्यात एकदाच गेला, १९७४ मध्ये! एवढा लांबचा प्रवास, बक्षिसाची रक्कम कमी आणि वर तारखा नाताळ-नवीन वर्षाच्या आसपास, मग कोण कशाला जाईल. १९७७ मध्ये तर एकाच वर्षात दोनदा झाली, जानेवारीत आणि परत डिसेंबरात, आणि १९८६ ला झालीच नाही.

खरा फरक पडला १९८८ ला, मेलबर्नच्याच कूयाँग क्लबाचं गवताचं कोर्ट सोडून मेलबर्न पार्कला हार्ड कोर्टवर आले, मुख्य कोर्टाला उघडझाप होणारं छप्पर, आणि प्रेक्षक एका वर्षात जवळपास दुप्पट. तरी अमेरिकेचा आंद्रे आगासी पहिल्यांदा गेला तो १९९५ मध्येच, आणि गेला तो जिंकूनच आला.

आता गोव्यात, फोंड्याला आमच्याकडे जानेवारीत पहाटे साडेपाचला टीव्ही लागतो, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू येईपर्यंत पहिला सेट संपत आलेला असतो. २०१२ ला लिएंडर पेसने स्टेपानेकबरोबर ब्रायन बंधूंना हरवून डबल्स जिंकली, त्याचं मूळ गोव्याचं, तेव्हा आमच्या घरात जो आरडाओरडा झाला तो शेजारच्यांना अजून आठवतो.