मदत हवी आहे: बँकेने सील केलेले फ्लॅट आणि सोसायटीची थकबाकी

नमस्कार मंडळी. आमच्या बदलापूरच्या सोसायटीत हप्ते थकल्याने बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊ देणारा कायदा) काही फ्लॅट सील केलेत. दारावर ताब्याची नोटीस, बाल्कनीत कबुतरांचं राज्य, आणि बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतातून झिरपतंय. प्लंबरला आत जाता येत नाही. मेंटेनन्स बंद, त्यामुळे लिफ्टचं वार्षिक कंत्राट रखडलंय. मालक फोन उचलत नाहीत (त्यांचाही नाइलाज असेल म्हणा), बँक म्हणते लिलावापर्यंत थांबा.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली सहकार निबंधकांकडून वसुली दाखला (सोसायटीची थकबाकी वसूल करण्याचा अधिकृत दाखला) घ्यायचा विचार आहे. त्याचा अशा वेळी उपयोग होतो का? थकबाकीचा आकडा लिलावाच्या जाहिरातीत छापायला बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला कुणी भाग पाडलंय का? पत्राचा मसुदा असल्यास कृपया टाका. आणि गळतीपुरतं सील उघडून घ्यायचं तर अर्ज नेमका कुणाकडे करायचा?