गुन्हा हल्लेखोराचा, भरपाई जागामालकाची?

दिवाणीवाला: इमारतीच्या जिन्यात किंवा पार्किंगमध्ये हल्ला झाला की लोक पोलिसांत तक्रार देतात आणि तिथेच थांबतात. हल्लेखोर तुरुंगात गेला तरी दवाखान्याचं बिल त्याच्याकडून क्वचितच वसूल होतं. धोका आधीपासून दिसत असूनही मालक हातावर हात ठेवून बसला असेल, तर त्याच्यावर भरपाईचा दावा लावावा. वॉशिंग्टनमधल्या '१५०० मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यू' इमारतीचा १९७० चा निकाल बघा. १९५९ मध्ये तिथे मुख्य दाराशी चोवीस तास माणूस होता, १९६६ पर्यंत ती व्यवस्था गेली. सामायिक मार्गिकांत हल्ले वाढत होते, मालकाला ते ठाऊक होतं. कोर्टाने त्याला जबाबदार धरलं. बरोबरच केलं.

उंबरठा: मालक म्हणजे विमा कंपनी नव्हे हो! कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये पॅसिफिक प्लाझा या शॉपिंग सेंटरच्या प्रकरणात उलट सांगितलं. रखवालदार नेमण्याची सक्ती करायची, तर तसेच गुन्हे त्या आवारात आधी घडलेले असले पाहिजेत, निदान सहसा. दोन सायकली चोरीला गेल्या म्हणून जीवघेणा हल्ला होणार हे मालकाने कसं ओळखायचं? शिवाय हल्लेखोर किल्ली बाळगणारा भाडेकरूच निघाला, तर 'दाराचं कुलूप मोडकं होतं' हा मुद्दाच निकालात निघतो.

दिवाणीवाला: किल्लीचं मान्य. तो आत कसा आला हे सिद्ध करायलाच सीसीटीव्हीचं फुटेज लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. डिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, जुन्या चित्रणावर नवं चढवतो, कित्येकदा दोन-चार आठवड्यांतच. म्हणून पहिल्याच आठवड्यात वकिलाची नोटीस जायला हवी: कॅमेरा क्रमांक, तारीख, वेळ. नुसती हल्ल्याची दहा मिनिटं मागू नका, आधीच्या दिवसांचंही मागा. दार आपोआप लागत नाही, फटीत वीट ठेवलेली असते, हे त्यातच दिसतं. स्क्रीनवरून मोबाइलने केलेलं शूटिंग चालवून घेऊ नका, मूळ फाइल हवी. डीव्हीआरचं घड्याळ किती मागे-पुढे आहे तेही लिहून ठेवा, नाहीतर उलटतपासणीत त्यावरच तास जातो.

जमाखर्च: रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीचा करार दोघंही विसरलात. त्यात रखवालदाराच्या किती फेऱ्या लिहिल्यात आणि फेऱ्यांच्या वहीत किती, हे ताडून पाहा. महिनाभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच तिरक्या वळणात असतील तर वही एका बैठकीत भरलीय. मालक, देखभाल कंपनी, एजन्सी, सगळ्यांना प्रतिवादी करा. एकालाच केलं तर तो उरलेल्यांकडे बोट दाखवतो. विमा पॉलिसीही मागवा, हल्ल्याची भरपाई कधीकधी त्यातून वगळलेली असते.

उंबरठा: आणि हल्ल्यानंतर मालकाने दिवा बसवला की 'बघा, चूक कबूल केली' म्हणू नका. अनेक ठिकाणी कोर्ट ते हलगर्जीचा पुरावा धरत नाही.

दिवाणीवाला: नसेल धरत. म्हणून तर दिवा बसायच्या आधी, त्याच वेळी, त्याच अंधारात फोटो काढायचे, फ्लॅश बंद ठेवून. आणि फौजदारी निकालाची वाट बघत बसू नका; दिवाणी दाव्याची मुदत किती आणि कधीपासून, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.